अंगठ्याचा खुलासा

कलमसाहेबांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला आणि त्यावर छापलेल्या एका अंगठ्याभोवती पेनने गोल काढला.

“हा तुमचा?”

आवकबाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

“नाव माझं, फोटो माझा, म्हणजे अंगठाही माझाच. तीस वर्षं सह्या केल्या साहेब, आणि जाता जाता अंगठ्यावर आले बघा.”

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. काचेच्या त्या कारखान्यात आस्थापना विभाग त्यांच्याकडे होता. दर दोन वाक्यांआड नियमाचं कलम सांगायची खोड, म्हणून कलमसाहेब. कर्मचाऱ्यांनी सोशल मीडिया कसा वापरावा याची सोळा कलमं त्यांनीच लिहिली होती. आणि एका पोस्टला अंगठा देऊन पहिला नियमभंग केला कुणी, तर बाईंनी! आवक टेबलावर बसून आल्या कागदाची नोंद घ्यायची, शिक्का मारायचा, देणाऱ्याच्या हातात पोच द्यायची, यापलीकडे बाईंनी आयुष्यात काही केलं नव्हतं. निवृत्तीला चार महिने उरले होते. व्यवस्थापकांनी मात्र सकाळीच बजावलं होतं, की धड खुलासा आला नाही तर बाईंना आजच घरी बसवा.

“कलम नऊ,” साहेब म्हणाले. “कारखान्याची बदनामी करणाऱ्या मजकुराला पसंती दर्शवू नये.”

“पसंती? मी काय पडद्याचं कापड घ्यायला गेले होते?”

“बाई, थट्टा नको. हे बघा, मी लिहूनच आणलंय.”

फोन हाताळताना चुकून अंगठा दाबला गेला, एवढाच मजकूर होता. साहेब नवखे असताना टिपण कसं लिहायचं ते त्यांना बाईंनीच शिकवलं होतं. बाईंचं शेवटी असं काही व्हावं, हे त्यांना सहन होत नव्हतं.

“या वयात होतं असं. कुणी शंका घेणार नाही. सही करा, विषय संपला.”

बाईंनी ओळ वाचली. एका शब्दावर राहिलेला अनुस्वार पेन्सिलने दिला. सही केली नाही.

“साहेब, ही पोस्ट लिहिणारी काय म्हणतेय ते वाचलंत का?”

साहेबांनी वाचलं नव्हतं. त्यांनी फक्त अंगठे देणाऱ्यांची नावं तपासली होती. आता त्यांनी कागद जवळ ओढला.

लिहिणारी भट्टीवरच्या एका कामगाराची बायको होती. नवरा भट्टीसमोर कोसळला, उजवा हात भाजून कायमचा गेला. उष्णतेपासून लांब राहा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून त्याने आधीच दुसरं काम मागितलं होतं. कारखाना म्हणतो, असा अर्ज आलाच नाही. पोच कुठे हरवली कोण जाणे. अर्ज पोचला होता, एवढं तरी तिथलं कुणी सांगेल का?

अर्ज आलाच नाही, हे उत्तर साहेबांनीच पाठवलं होतं. फाईल दोनदा चाळून, अगदी खात्रीने.

“तिने विचारलं, पोचला का,” बाई म्हणाल्या. “मी म्हटलं, पोचला. फोनवर शिक्का मारता येत नाही, म्हणून अंगठा दिला.”

“तुम्ही स्वतः घेतला होता अर्ज?”

“माझ्या हाताने.”

साहेब ताडकन उभे राहिले.

“मग अडलंय कुठे! कुणाच्या टेबलावर गेला ते सांगा. हलगर्जीपणा दुसऱ्याचा, आणि तुम्ही का भोगायचं?”

बाईंनी पेन्सिल टेबलावर ठेवली.

“आवकवहीत असेल ना? आणा.”

“राहू द्या साहेब. जाणूनबुजून दाबला, असं मी लिहून देते. घरी बसवायचं तर बसवा.”

“बाई, वही आणा.”

त्यांनी आणली, पण उघडली नाही. साहेबांनीच पानं उलटली. तारीख सापडली, कामगाराचं नाव सापडलं. ‘कोणास दिले’ या रकान्यात आस्थापना असं लिहिलेलं होतं आणि त्यापुढे त्यांची स्वतःची घाईघाईची सही होती.

त्यांना तो अर्ज आठवेना. आठवडा मात्र आठवला. दार लावून ते सोळा कलमं लिहीत बसले होते आणि येईल त्या कागदावर न बघता सही करून तो खालच्या खणात टाकत होते. एका माणसाचा हात गेला होता.

त्यांनी वाकून खण उघडला. अर्ज तिथेच होता, दुमडलेलासुद्धा नव्हता.

“मला बोलला का नाहीत?” अर्ज टेबलावर ठेवत त्यांनी विचारलं.

“तिने तेवढंच विचारलं होतं, साहेब. पोचला का.”

साहेबांनी कोरा कागद घेतला. तारीख घातली. दुसरी ओळ सुरू केली तोच टेबलावरचा फोन वाजला. व्यवस्थापक होते.

“काय झालं? बाई लिहितायत का खुलासा?”

“नाही,” साहेब म्हणाले. “मी लिहितोय.”