राष्ट्राध्यक्षांच्या वतीने

"दोन्या ओतिलिया, राष्ट्राध्यक्षांच्या वतीने आशीर्वाद मागतो," फोनवरचा माणूस म्हणाला, आणि मी काही विचार करण्याच्या आत माझ्या तोंडून उत्तर निघून गेले.

"देव तुझं भलं करो, पोरा."

रिसीव्हर जागेवर ठेवल्यावर काय घडले ते माझ्या ध्यानात आले.

आमच्या बेटावर लेकराने आशीर्वाद मागितला की वडीलधाऱ्याने तो देणे हे श्वास घेण्यासारखे आहे. सकाळी उठल्यावर, घराबाहेर पडताना, परतल्यावर, फोनवर आवाज ऐकू आल्याबरोबर. लेकरू शाळकरी असो की साठीचे. माझ्या सासूने माझ्या नवऱ्याशी वर्षानुवर्षे अबोला धरला होता, तरी तो अंगणातून "आशीर्वाद, आई" म्हणाला की तिच्या घट्ट मिटलेल्या ओठांतून तेवढे शब्द बाहेर पडतच. मात्र त्याला दोन अटी आहेत. न मागता तो देत नाहीत. आणि जो मागतो त्यालाच तो लाभतो. दुसऱ्याच्या नावाने जेवता येत नाही, तसा दुसऱ्याच्या नावाने तो नेता येत नाही.

"कुणाला दिलात?" फ्रेदेसविंदाने स्वयंपाकघरातून विचारले. माझ्या लग्नात माहेराहून ती माझ्याबरोबर आली. तिला भीड म्हणून नाही.

"दागोबेर्तोला."

"त्या टकल्याला? आणि आपला एव्हारिस्तो तसाच गेला म्हणायचा कामावर?"

कॉफी उतू चालली आहे तिकडे बघ, असे मी तिला सांगितले.

एव्हारिस्तो माझा एकुलता एक मुलगा. तो गुरांचा डॉक्टर होता. दोन पक्षांचे दोन बलदंड पुढारी एकमेकांचे पाय ओढून थकले, तेव्हा कोणाचेही वाकडे न केलेला माणूस शोधता शोधता लोक आमच्या गोठ्यापर्यंत आले, आणि त्या वर्षी या देशाला राष्ट्राध्यक्ष मिळाला. त्याची बायको आदल्याच वर्षी वारली होती. राष्ट्राध्यक्ष भवनातल्या त्या मोठ्या खोल्यांत तो एकटा राहायला गेला.

तरी पहिले कित्येक महिने तो रोज उजाडता माझ्याकडे येत असे. पुढे मोटारसायकली, मागे गाड्या. उंबऱ्यातच मान वाकवून आशीर्वाद मागायचा, मग चुलीपाशी उभ्यानेच कॉफी घ्यायचा आणि मला आपला दिवस सांगायचा. शाळेत होता तेव्हाही बूट चढवता चढवता वेळापत्रक म्हणून दाखवायचा. आधी गणित, मग भूगोल, मग सुट्टी. तीच चाल.

"आधी लष्कराचा अहवाल. मग मंत्री. मग नव्या राजदूताची ओळखपत्रं घ्यायची, त्याला गावाकडचं हवापाणी विचारायचं. जेवण सिमेंटवाल्यांबरोबर. मग विश्रांती."

"विश्रांती म्हणजे झोपतोस ना?"

"त्या वेळात केस रंगवतात, आई."

"आणि सुट्टी कधी?"

"सुट्टी नाहीये," म्हणून तो हसायचा, आणि हसताना गोठ्यातला एव्हारिस्तो दिसायचा.

मला जे सांगायचे ते मी सांगत असे. सेनापतीला उजव्या हाताला बसवू नकोस. डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही, आणि न ऐकता दिलेला होकार तो नंतर मोडतो. सिमेंटवाल्यांकडे पोटभर जेवू नकोस. जाताना घरून उकडून ठेचलेली केळी खाऊन जा, म्हणजे त्यांच्या ताटाला नुसता हात लावता येईल. या देशाचा कारभार काही काळ माझ्या चुलीपाशी सुरू होत होता, आणि तो वाईट चालला नव्हता.

दागोबेर्तो हे त्याच्या वेळापत्रकाचे सचिव. एके दुपारी हॅट हातात धरून स्वतः माझ्या दारी आले. बसा म्हटल्यावरच बसले, आणि आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मानाने 'दोन्या' म्हणतात तसे दर वाक्याला म्हणाले. चांगल्या घरचा माणूस होता. अडखळत त्यांनी सांगितले की, राष्ट्राध्यक्ष येतात तेव्हा आमची गल्ली दोन्हीकडून बंद करावी लागते, पाववाल्याची गाडी कोपऱ्यावर अडकते, शाळेची मुले उशिरा पोचतात, आणि लोक बोलू लागले आहेत. मी म्हणाले, लोक काय म्हणतात ते सोडा, पाववाला काय म्हणतो? तो म्हणतो, पाव गार होतो. ते मला पटले. माझ्या मुलापायी गल्लीने गार पाव खावा हे मला मान्य नव्हते. तेव्हा फोनवर ठरले.

आरंभी एव्हारिस्तो स्वतः बोलत असे. पुढे फोनवर आधी एक मुलगी येऊ लागली. "थांबा, राष्ट्राध्यक्ष येताहेत." मी रिसीव्हर ठेवला. पुन्हा घंटी वाजली, पुन्हा थांबा, पुन्हा ठेवला. मागणारा थांबतो, देणारा थांबत नाही. हे मला त्या मुलीला शिकवायचे नव्हते, तिच्या आईने शिकवायला हवे होते. असे काही दिवस चालले. तिकडे राष्ट्राध्यक्षांना वेळ नाही, इकडे त्यांच्या आईला थांबायची सवय नाही, आणि मध्ये दागोबेर्तो. आमच्या बेटावरच्या कोणत्याही नीट वाढवलेल्या माणसाला जे सुचले असते तेच त्यांना सुचले. आशीर्वाद चुकता कामा नये, म्हणून त्यांनी तो स्वतःच मागितला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना फैलावर घेतले. "आशीर्वाद म्हणजे काय टपाल आहे, तुम्ही सही करून ताब्यात घ्यायला?"

"दोन्या, दिवसाच्या कागदावर सगळ्यात वर तोच असतो," ते म्हणाले. "तो झाल्याशिवाय मी लष्करालासुद्धा आत सोडत नाही."

"मग द्या त्याच्याकडे फोन."

"ते दाढी करताहेत. अर्थमंत्री समोर उभे राहून आकडे वाचून दाखवताहेत." मग अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "राष्ट्राध्यक्षांच्या वतीने आशीर्वाद मागतो."

आणि मी दिला. जीभ ऐकत नाही. शिवाय आमचा आशीर्वाद 'तुम्ही' म्हणून देता येत नाही. रोज त्यांना 'पोरा' म्हटल्यावर पुन्हा 'सचिवसाहेब' म्हणणे मला अवघड होऊ लागले, आणि यथावकाश ते माझ्या तोंडी नुसते दागोबेर्तो झाले, मग 'तू' झाले.

ईस्टरआधीच्या उपवासांत दागोबेर्तोची आई गेली. मी फ्रेदेसविंदाबरोबर घेवड्याची गोड खीर पाठवली. परत येऊन ती म्हणाली, "भांडं धुऊन दिलं त्यानं स्वतः. रडत होता आणि भांडं घासत होता." चार दिवसांनी फोन आला तेव्हा तो नुसते "आशीर्वाद, दोन्या," म्हणाला. वतीने वगैरे काही नाही. जे मागितले ते दिले.

त्यानंतर तो मला एव्हारिस्तोचा दिवसही सांगू लागला. मला ते आवडते हे त्याने हेरले होते. आधी अहवाल, मग मंत्री, मग कापडगिरण्यांचे लोक, मग पुलाचे उद्घाटन. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मी फ्रेदेसविंदाला सांगू शकत असे की, आत्ता तो फीत कापत असेल, आत्ता कोणाचे तरी रडके मूल कडेवर घेऊन फोटोला उभा असेल. ती म्हणायची, "पोराचा पत्ता टकल्याकडून कळतोय आपल्याला. काय दिवस आले."

मातृदिनाला फुलांचा भला मोठा गुच्छ आला. चिठ्ठीवर अक्षर एव्हारिस्तोचे नव्हते. त्या दिवशी मी दागोबेर्तोला सांगितले की, मला भेटीची वेळ हवी. तो म्हणाला, "केळीबागाईतदार आणि दूरदर्शन यांच्या मध्ये बसवतो."

मी काळे रेशीम नेसले, सासूचे मोती घातले. बाहेरच्या दालनात केळीबागाईतदारांबरोबर बसून राहिले. तेवढ्या एका दिवशी मी थांबले. दार उघडले आणि एव्हारिस्तो आला. कॅमेऱ्यासाठी चेहऱ्यावर पावडर लावलेली, कॉलरभोवती कागद खोचलेला. त्याने माझ्या कपाळाचे चुंबन घेतले, गुडघ्याची चौकशी केली. बरा आहे, मी म्हणाले.

"आज काय काय आहे?" मी विचारले.

त्याने दागोबेर्तोकडे पाहिले. दागोबेर्तोने सांगितले, दूरदर्शन, मग बंदर, मग बिशपांबरोबर जेवण. एव्हारिस्तोही माझ्याबरोबर ऐकत होता, आणि मला दिसले की तोही ते पहिल्यांदाच ऐकतो आहे.

मग कोणीच बोलले नाही. मी हात मांडीवर ठेवून बसले. एवढी शांतता मी त्याला लहानपणी एकाच कारणासाठी देत असे, आणि ते कारण त्याला तेव्हा लगेच आठवत असे.

"तुझा सकाळचा आशीर्वाद पोचतो हं, आई," तो म्हणाला. "दागोबेर्तो न चुकता सांगतो. त्याच्यावरच निघतो दिवस."

दागोबेर्तोने मान खाली घातली. मी खरे ते सांगू शकले असते. पण माझ्या मुलाला मागायला मी शिकवले होते. तेच पुन्हा शिकवायचे, तेही परक्यांच्या दालनात, हे मला शोभले नसते. "कॉलरला पावडर लागली आहे, पूस," मी म्हणाले. कोणीतरी दार उघडले, आणि तो दिव्यांकडे गेला.

दागोबेर्तो मला जिन्यापर्यंत सोडायला आला. पहारेकरी ताठ उभे होते. त्यांच्यादेखत तो माझ्यापुढे वाकला. "आशीर्वाद, दोन्या." मी दिला. आवाज खाली आणण्याचे मला काही कारण नव्हते.

पुढल्या निवडणुकीला पक्षवाल्यांनी दुसरा घोडा जुंपला. ऑगस्टमध्ये एव्हारिस्तोने खांद्यावरचा राष्ट्राध्यक्षपदाचा पट्टा उतरवून दुसऱ्याच्या खांद्यावर चढवला आणि दोन बॅगा, एक मानचिन्हांचे खोके घेऊन तो माझ्याकडे राहायला आला. गल्लीत मोटारसायकली आल्या नाहीत. पाववाल्याची गाडीच त्याच्यामागून आली.

तो उजाडायच्या आधी उठतो, दाढी करतो, टाय बांधतो आणि ओसरीतल्या झुलत्या खुर्चीत न झुलता बसतो. "शुभ प्रभात, आई," म्हणतो. राजदूतांना म्हणत असे तसेच. पहिल्या सकाळी त्याने मला विचारले, आज काय आहे. मी सांगितले, आज मंगळवार आहे.

तेवढ्यात फोन वाजला. तो ताडकन उठला, कोट खाली ओढला आणि हात पुढे केला. पण मी जवळ होते.

"आशीर्वाद, दोन्या."

"देव तुझं भलं करो, पोरा."

दागोबेर्तोने नव्या राष्ट्राध्यक्षांचा दिवस मला सांगितला नाही. तेवढी रीत त्याला कळते. गुडघा विचारला आणि फोन ठेवला. एव्हारिस्तोचा हात अजून पुढेच होता.

"माझ्यासाठी होता?"

"नाही. दागोबेर्तो होता."

"अजून मागतात ते? माझ्या…"

"तो मागतो," मी म्हणाले. "कधीपासूनच."

माझा मुलगा मूर्ख नाही. त्याचे कान लाल झाले, लहानपणी व्हायचे तसे. तो खुर्चीत बसला आणि रस्त्याकडे बघत राहिला. त्या दिवसापासून सकाळी फोन वाजला की तो परसात कोंबड्या बघायला जातो.

मी फ्रेदेसविंदाला बजावले होते की, मध्ये पडू नकोस. तिने ऐकले नाही. परसात ती त्याला म्हणत होती, ते मी खिडकीतून ऐकले. "तोंड शिवलंय का रे तुझं? एवढी भाषणं ठोकलीस देशभर, दोन शब्द म्हणता येत नाहीत आईला?"

तो कोंबड्यांना दाणे टाकत राहिला.

"फ्रेदे, आता कोणत्या तोंडानं मागू?" तो म्हणाला.

मी खिडकीपासून बाजूला झाले.

त्या संध्याकाळी मी त्याला सांगितले की, घरात रिकामे बसलेला माणूस मला चालत नाही. सकाळी पाव आणायचा. मग शेजारच्या शेळीची कास सुजली आहे, ती बघायची. मग जेवण, मग विश्रांती. आणि विश्रांती म्हणजे झोप. त्याने मान डोलवली आणि हळूच एकेक कलम पुन्हा म्हणून पाहिले. आधी पाव, मग शेळी.

आज सकाळी कापडी पिशवी घेऊन तो निघाला. टाय नव्हता. फाटकाशी गेला आणि तिथेच थांबला. पाठ माझ्याकडे, हात कडीवर. शाळेत जाताना तो तिथूनच ओरडून मागत असे, अर्धा पाय रस्त्यावर ठेवून. मी ओसरीत कॉफीची गाळणी हातात धरून उभी होते. त्याचे खांदे किंचित वर झाले, जणू तो श्वास भरून घेत होता. मग कडी वाजली, फाटक लागले, आणि तो गेला.

तो पाववाल्याच्या कोपऱ्यावरून वळून दिसेनासा होईपर्यंत मी वाट पाहिली. मग मी म्हणाले. सगळे शब्द, नीट, मोठ्याने.

"कुणाशी बोलताय?" फ्रेदेसविंदाने आतून विचारले.

"कोंबड्यांशी," मी म्हणाले, आणि कॉफी गाळायला आत वळले.