हरणाच्या झाकणाचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. लातूरला वर्षाराणी मॅडमच्या स्वयंपाकघरात फ्रीजवर पाहिलंत तर मी दिसेन. माझ्या झाकणावर मोठ्या शिंगांचं हरीण रंगवलेलं आहे. त्याचा एक डोळा घासून घासून गेला, त्यामुळे ते आल्यागेल्याला डोळा मारतंय असं वाटतं. तसं ते गंभीर स्वभावाचं आहे.

माझा जन्म स्कॉटलंडमधला, बिस्किटांच्या कारखान्यातला. आतली बिस्किटं एका नाताळात संपली आणि मॉयरा नावाच्या बाईंनी मला धुऊन जवळ ठेवलं. त्या चर्चच्या सेविका होत्या. त्यांच्या गावात विद्यापीठ होतं आणि तिथे देशोदेशीची मुलं शिकायला येत. त्या मुलांना जेवू घालायचं आणि येशूची गोष्ट सांगायची, हेच बाईंनी आपलं काम मानलं होतं. दर शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये सूप आणि पाव असे, मग बायबलमधला एक उतारा. कुणी ऐके, कुणाचं लक्ष उरलेल्या पावावर असे. बाईंना त्याचा राग येत नसे. एखादं मूल एकटं पडलेलं दिसलं, की त्या माझ्यात घरची बिस्किटं भरून त्याच्या खोलीवर जात.

अशा कितीतरी खोल्या मी पाहिल्या. बहुतेक मुलं मला धुऊन रिकामं परत देत. एकाने मात्र दोन महिने माझ्यात मोजे ठेवले होते. ते दिवस मी विसरायचा प्रयत्न करतो.

मग शिरूर अनंतपाळची वर्षाराणी आली. गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग आणि अंगात एकावर एक दोन स्वेटर. पहिल्याच शुक्रवारी सुपात कोंबडी निघाली आणि ती कोरडा पाव खाऊन निघून गेली. दुसऱ्या दिवशी बाई मला घेऊन तिच्या दारात हजर. लोणी, पीठ आणि साखर एवढंच आहे, अंडंसुद्धा नाही, असं त्यांनी तीनदा सांगितलं. बाई गेल्यावर पहिलं बिस्किट खाताना ती पोर रडली. एवढ्या परक्या गावात आपण उपाशी गेलो हे कुणाच्या तरी लक्षात आलं, याचंच तिला रडू आलं होतं.

चार दिवसांनी तिने मला परत नेलं तेव्हा माझ्यात धपाटे होते आणि कोपऱ्यात शेंगदाण्याची चटणी. चटणीने बाईंच्या डोळ्यांतून पाणी काढलं, तरी त्यांनी ती संपवली. मी तर चकित झालो. आजवर मला कुणी भरून परत दिलं नव्हतं. शिरूरला शेजारणीचं भांडं मोकळं देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. पण हे तिने बाईंना कधी सांगितलं नाही. सगळीकडे असंच करत असतील, यात सांगायचं काय, असं तिला वाटलं.

दीड वर्ष मी त्या दोघींमध्ये ये-जा केली. बाईंनी लिंगाबद्दल विचारलं, तिने सांगितलं. तिने क्रुसाबद्दल विचारलं, बाईंनी सांगितलं. दोघी आपापल्या जागी राहिल्या, पण चहाला एका टेबलाशी बसत. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस.

एकदा बाईंनी बिस्किटांखाली मराठी शुभवर्तमानाचं, म्हणजे येशूच्या गोष्टीचं, छोटं पुस्तक ठेवलं. वाटलं तरच वाच, अशी चिठ्ठीही लिहिली. ठेवताना त्यांचा हात घुटमळला. आपल्या जिवाभावाचं होतं ते त्यांना द्यायचं होतं, आणि ते देऊन मुलगी दुरावेल याची भीतीही होती.

त्याच आठवड्यात शिरूरहून फोन आला. वर्षाराणीच्या वडिलांना, शिवमूर्तींना, दुकानात बसल्या बसल्या लकवा मारला होता. तिने दोन तासांत सामान बांधलं. स्टेशनच्या वाटेवर ती बाईंच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात मी. रविवारची भल्या सकाळची वेळ, दुकानं अजून बंद, खोलीत दाणासुद्धा उरलेला नाही. समोर बाईंचं दार दिसत होतं. जा गं, दहा पावलं तर आहेत, असं मी मनातल्या मनात म्हणत होतो. पण मोकळा डबा द्यायचा कसा, या एकाच विचाराने ती मागे फिरली. पुढच्या खेपेला भरून देईन, असं पुटपुटत तिने मला बॅगेत कोंबलं.

पुढची खेप आलीच नाही. वडील अंथरुणाला खिळले, ती लातूरच्या कॉलेजात शिकवू लागली. बाईंचा एक मेल आला होता. डबा पाठवताना सविस्तर लिहू म्हणून तिने उत्तर ठेवून दिलं. मग उशीर झाल्याची लाज वाटू लागली आणि लाजेपायी आणखी उशीर झाला. मी आधी औषधांचा डबा झालो, वडील गेल्यावर बटणांचा. आठ वर्षं मी फ्रीजवर बसून होतो. तिची आई शिवगंगा येई, तेव्हा तेवढी माझी धूळ पुसली जाई.

"लोकाचं भांडं हाय बाई, किती दिस ठिवणार?" आई म्हणे.

"मोकळा कसा धाडू गं?" असं म्हणत ती कामाला लागे.

यंदा तिची विद्यार्थिनी विशाखा त्याच विद्यापीठात शिकायला गेली. शुक्रवारच्या मुलांबरोबर ती एका वृद्धाश्रमात गेली आणि तिथूनच तिने व्हिडिओ कॉल केला. "मॅडम, इथं एक आजी हायेत. मी लातूरची म्हणल्यापासून तुमचंच नाव घ्यायल्यात."

पडद्यावर मॉयराबाई आल्या. इतक्या वाळल्या होत्या की मी आवाजावरून ओळखलं.

"तू रागावून गेलीस ना?" त्यांनी विचारलं. "मी ते पुस्तक ठेवायला नको होतं."

वर्षाराणीने मला ओढून खाली घेतलं. बटणं घरभर सांडली. मला फोनसमोर धरून ती म्हणाली, "पुस्तक माझ्या कपाटात आहे, आँटी. वाचलंय मी. त्या दिवशी तुमच्या गल्लीपर्यंत आले होते. डबा मोकळा होता, म्हणून परत फिरले." मग तिने आपल्याकडची रीत सांगितली.

बाई पडद्याजवळ सरकल्या आणि माझ्या हरणाकडे बघू लागल्या.

"मी घरातच होते," त्या म्हणाल्या. "रिकामा डबा घेऊन आली असतीस, तर निदान तुला एकदा जवळ घेतलं असतं."

आता भरून पाठवते, असं ती म्हणाली, तेव्हा बाई हसल्या. दात गेले, ओव्हनही गेला, डबा तुझ्याकडेच राहू दे, म्हणाल्या. म्हणजे मी आता तिकडे जायचा नाही. इथे माझी भाषा बोलणारं एकही भांडं नाही, आणि तिथलं माझं घरही उरलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाचा तरी डबा असेल. त्याला गंजू देऊ नका. पण भरायला काही मिळेल म्हणून वाट बघत बसू नका, रिकामाच घेऊन जा. दार उघडणारं माणूस आधी तुमच्या तोंडाकडे बघतं. त्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी मला हे सांगता आलं नाही, म्हणून आज तुम्हाला सांगतो आहे.