जंताचं वजन

स्वयंपाकघराच्या ओट्यावर चिरलेल्या माशाच्या पोटातून तिनं चिमट्यानं ओढलेली पांढरी फीत मध्येच तुटली. जिवंत पट्टकृमी, फितीसारखा चपटा जंत, असा तुटत नसतो. तो चिमट्याला विळखा घालतो.

प्रयोगशाळेच्या दुरुस्तीपायी माशांची टाकी पंधरवड्यापुरती घरी आली होती. माशांच्या पोटात जंत पुरते वाढले, की मासे चिरून ते काढायचे आणि त्यांच्यावर नवी औषधं तपासायची. दोन वर्षं फसत आलेली ही लागण यंदा कुठे जमली होती. तिचा सारा प्रबंध त्या पोटांत वाढत होता.

"खाद्यात मी औषध कालवलं," सासरे म्हणाले. हयातभर त्यांनी तळ्यांवर माशांची डॉक्टरकी केली होती.

"घरात डॉक्टर असल्यावर रोगाची काय बिशाद," नवऱ्यानं हसून पाहिलं. त्याचं हसू त्याच्याच अंगावर परतलं. मग हळू आवाजात, "जाऊ दे गं. सवयीचा हात. वय झालंय त्यांचं."

तिनं चिमटा पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला.

"चुकून झालं असेल, बाबा."

"चुकून नाही."

तिनं चिमटा ओट्यावर आपटला.

"मग निदान मला विचारायचं तरी."

"विचारलं होतं. हे मासे अजून किती दिवस काढतील म्हणून. तू म्हणालीस, जंताचं वजन भरेपर्यंत."

चपला चढवता चढवता दिलेलं ते उत्तर तिला आठवलं. त्यात चूक काहीच नव्हती, आणि त्याचाच तिला अधिक संताप आला.

सासरे टाकीपाशी वाकले. आठवडाभर फुगल्या पोटांनी पृष्ठभागाशी तरंगत राहिलेले मासे आज तळाशी उतरले होते. वाळूत तोंड खुपसून काहीबाही वेचत होते. त्यांच्या हालचालीनं पाण्यालाच जणू श्वास फुटला होता.

"खाली गेलेत बघ," ते म्हणाले.

एखादा तरी जंत जिवंत उरला असेल का, हे बाहेरून कळण्याची सोय नव्हती. तिनं सुरीला नवं पातं बसवलं आणि जाळी पाण्यात सोडली. एकेक मासा बादलीत येऊ लागला.

"आता तरी जगतील ना हे?" सासऱ्यांनी विचारलं.

शेवटचा मासा हाती लागेना. तो लागला तेव्हा तिनं बादली उचलली, चिरायचा ट्रे काखेत धरला, आणि आतल्या खोलीत जाऊन पायानंच दार लोटून घेतलं.