खुणेच्या खाली एक बोट

पिकुलला क्लबात येणाऱ्यांची तोंडं बघायची गरज कधी वाटली नाही. बाटल्या बघितल्या की पुरे. बावीस वर्षं ती बँकॉकच्या लाट फ्राओ भागातल्या त्या क्लबच्या मागच्या खोलीत गिऱ्हाइकांच्या उरलेल्या दारूची कपाटं सांभाळत होती. व्हिस्की घ्यायची तर अख्खी बाटली घ्यायची आणि संपली नाही तर ठेवून जायची, अशी पद्धत. पिकुल बाटलीच्या गळ्यात नाव आणि फोन नंबराची चिठ्ठी अडकवायची, दारू जिथवर असेल तिथे काचेवर पांढऱ्या पेनाने रेघ ओढून तारीख घालायची आणि कार्ड द्यायची. पुढच्या वेळी कार्ड आलं की बाटली बाहेर.

"पण मावशी, चिठ्ठीवर नाव दुसऱ्याचं आहे," एखादा नवा वेटर घुटमळायचा.

"बाटली नावाची नसते रे बाबा, कार्डाची असते. कार्ड माकडाने आणलं तर माकडाला द्यायची. तसंही बाहेर दुसरं कोण बसलंय?"

बाहेर नाचायला धड जागाही नव्हती. कमरेएवढी उंच टेबलं आणि त्यांच्याभोवती उभ्याउभ्या हलणारी माणसं. दिवसभर साहेबाची बोलणी खाणारा कारकून इथे बर्फाच्या बादलीला टेकून साहेब व्हायचा. पाकिटात बायकोचा फोटो नसेल, पण क्लबचं कार्ड असायचं. चार बोटं व्हिस्की कपाटात ठेवली म्हणजे शहरात आपली मालमत्ता झाली, असा त्यांचा थाट. परदेशी पाहुणे तर एका रात्रीत चार क्लब पालथे घालून शहर कळलं म्हणायचे. पिकुल या सगळ्यांना मनातल्या मनात एकाच खड्ड्यात पुरून ठेवायची.

अपवाद एकच, तिचा नवरा सोमयोत. बारा वर्षांपूर्वी त्याने बौद्धांच्या वर्षावासाचे तीन महिने दारू सोडायचं व्रत घेतलं, ते दर पावसाळ्यात पाळलं. रोज संध्याकाळी साडेसातला तो तिला स्कूटरवरून मागच्या दाराशी सोडायचा. "माझ्या माणसाला या असल्या जागेची पायरी माहीत नाही," असं ती स्वयंपाकघरातल्या बायकांना ऐकवायची, आणि त्या माना डोलवायच्या.

त्यामुळे तिच्या लेकीने, दारिनने, लग्नासाठी बेन्झ नावाचा मुलगा पसंत केला तेव्हा पिकुलने आधी नावालाच नाक मुरडलं. "आईबापाला गाडी जमली नाही, म्हणून पोराला नाव दिलं वाटतं." मुलगा शुक्रवारी क्लबात जातो हे दारिननेच सांगून टाकलं. पिकुलने अट घातली: वर्षावासाचे तीन महिने थेंबाला शिवायचं नाही. पाळलंस तर मुलगी तुझी, नाही तर दार तिकडे आहे. बेन्झने हात जोडून कबूल केलं. होणारी सासू नेमकं कुठे काम करते हे त्याला माहीत नव्हतं. दारिनने लाजेखातर हॉटेलात असं सांगितलं होतं.

व्रताच्या सातव्या शुक्रवारी वेटरने आणलेल्या कार्डाची बाटली काढताना पिकुलचा हात थबकला. चिठ्ठीवर नाव बेन्झ. या शहरात बेन्झ पैशाला पासरी, पण खालचा नंबर तिच्या फोनमध्ये होता. बाटली वर्षावासाआधी ठेवलेली, जवळजवळ भरलेली. ती बाहेर गेली आणि तासाभराने बोटभर कमी होऊन परत आली. पिकुलने रेघ ओढली, तारीख घातली. तिला राग आला, पण त्याहून जास्त बरं वाटलं. आपण ओळखलं होतं.

पुढच्या शुक्रवारीही तेच. आठ वाजायच्या आतच कार्ड हजर. बाहेर जाऊन पोराला रंगेहाथ धरावं असं तिच्या एकदा मनात आलं, पण त्या कळपात पाय ठेवायची तिला किळस होती. आणि बघायचं काय? एकाखाली एक सात रेघा झाल्या. घरी दारिन लग्नाच्या कपड्यांचं काहीबाही मनात जुळवत बसायची, आणि पिकुल गप्प राहायची. बावीस वर्षांत तिची एक रेघ चुकली नव्हती की एक बाटली गहाळ झाली नव्हती. सातव्या रेघेनंतर मात्र तिने ती बाटली पिशवीत घालून घरी आणली आणि कपाटात कपड्यांमागे ठेवली.

वर्षावास संपला त्या सकाळी बेन्झ आईला घेऊन आला. सोबत अंड्याची सोनेरी मिठाई, केळी, फुलं. सगळे चटईवर बसले. बेन्झची आई तारखेचं काढणार, तेवढ्यात पिकुल उठली आणि मिठाईच्या ताटाशेजारी बाटली आणून आदळली.

"ही ओळखतोस?"

बेन्झने बाटलीकडे बघितलं, मग क्षणभर सोमयोतकडे, आणि मान खाली घातली. "माझीच आहे, मावशी."

"ऐकलंस दारिन? बेन्झ, मी क्लबातल्या त्या कपाटापाशी बसते, बाळा. हॉटेलात नाही. सात शुक्रवार, सात रेघा, सगळ्या माझ्या हातच्या. मोजून घे."

"चुकलो," बेन्झ म्हणाला.

त्याच्या आईच्या तोंडचं पाणी पळालं. पिकुलने सगळ्यांना नीट दिसावं म्हणून बाटली उचलून उजेडात फिरवली. "ही शेवटची. परवा शुक्रवारी ओढली. दारू बरोबर इथवर..."

दारू तिथवर नव्हती. खुणेच्या खाली चांगली एक बोट उतरली होती.

तिने बाटली सरळ धरली, पुन्हा बघितलं. बूच घट्ट होतं. बाटली दोन दिवस तिच्या कपाटात होती. बेन्झ तीन आठवड्यांत या घरात फिरकला नव्हता.

मग सोमयोतने खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून कार्ड काढलं आणि बाटलीजवळ ठेवलं.

"त्याला बोलू नकोस," तो म्हणाला. "मोह नको म्हणून पहिल्याच दिवशी त्याने हे माझ्याकडे दिलं. फेकून द्या म्हणाला."

"काका, राहू द्या ना," बेन्झ पुटपुटला.

"आणि तू?" पिकुलने विचारलं. "कधी?"

"तुला मागच्या दाराशी सोडलं, की पुढून आत. यंदा फुकट मिळाली. एरवी विकत घ्यायचो, दुसऱ्याच्या नावाने."

एरवी म्हणजे किती वर्षं, हे तिने विचारलं नाही. "माझ्याच क्लबात? कुणी बघेल याची भीती नाही वाटली?"

"वेटर ओळखतात मला. स्वयंपाकघरातल्या बायकाही ओळखतात. तू तेवढी कधी बाहेर आली नाहीस."

दारिन रडत नव्हती. तिने बेन्झच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. बेन्झच्या आईने ताट जरा पुढे सरकवलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, आम्ही तारीख विचारायला आलो होतो. बसू की निघू?"

"बसा," पिकुल म्हणाली. त्या चौघांपैकी एकाचंही तोंड तिला बघवेना, म्हणून ती बाटलीकडेच बघत राहिली.