एकेचाळीस शेरे

मित्रांनो, मी एक शाळेची डायरी आहे. जुनी म्हणजे कितीशी, दोनच वर्षांची, पण कोपरे पार मुडपलेत. माझी मालकीण घाटकोपरची दीप्ती, तेव्हा पाचवीत होती. तिने मला खाकी कव्हर घालून वर सशाचं स्टिकर लावलं. काय मिरवले होते मी.

जूनमध्येच सुलक्षणा टीचरांनी माझ्या शेऱ्यांच्या पानावर लाल पेनाने लिहिलं, 'प्रार्थनेत हसते. पालकांची सही आणणे.' मग 'गणिताच्या तासाला हसते.' मग 'शोकसभेतही हसली.' टीचर शिस्तीच्या; तारीख आणि तास लिहिल्याशिवाय शेरा देत नसत.

"मला हसायचं नसतं गं आई, आपोआप येतं," दीप्ती म्हणायची.

"हसू म्हणजे काय उचकी गो, आपोआप येवक?" आई एक धपाटा घालायची आणि सही करायची.

मला मात्र दिसायचं. हसताना तिचे डोळे भेदरलेले असत. पण डायरीला विचारतं कोण?

मार्चमध्ये हसता हसता दीप्ती बाकावरून कोसळली. एमआरआय झाला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "मेंदूच्या तळाशी जन्मापासूनची छोटी गाठ आहे. फार क्वचित मुलांना असते. कॅन्सर नाही. पण हे हसणं म्हणजे फिट आहे. किती वेळा येतं? कधीपासून?"

तारखा आठवायला, माझ्यातलं कॅलेंडर बघायला आईने मला बाहेर काढलं. रजेच्या अर्जासाठी मी तिच्या पिशवीतच होते. लेक वात्रट ठरू नये म्हणून तिने शेऱ्यांची पानं स्टेपल केली होती.

"ती पानं नका बघू मॅडम, नुसत्या तक्रारी आहेत."

मॅडमनी एकेक पिन उचकटली. एकेचाळीस शेरे, प्रत्येकाखाली आईची सही.

"फिट्सची इतकी चोख नोंद मला आजवर कुणी आणून दिली नव्हती," मॅडम हळूच म्हणाल्या. आईने ओढणी तोंडाशी धरली.

औषधांनी हसणं कमी झालं, थांबलं नाही. आता ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. हसणं थांबेल अशी आशा आहे. पण या फिट्समुळे दीप्ती जे पाढे विसरली, ते परत येतील की नाही, हे मॅडमही सांगत नाहीत.

काल मैत्रीण श्वेताने घरी येऊन एक झकास विनोद सांगितला. दीप्तीला खरंखुरं हसू फुटलं. तिने लगेच तोंडावर हात दाबला आणि म्हणाली, "सॉरी आई."

मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणी भलत्या वेळी हसलं, तर आधी जवळ जाऊन विचारा, काय होतंय तुला. माझ्या एकेचाळीस शेऱ्यांत हा प्रश्न एकदाही नाही.