मंदाच्या नावावरची पुस्तकं

"पहिला क्रमांक, कुमारी मंदाकिनी हंबीरराव माने," कर्ण्यातून आवाज आला. "वर्षभरात चव्वेचाळीस पुस्तकं."

शैलजानं चमकून कर्ण्याकडं पाहिलं. तिच्या मंदाला जाऊन पाच महिने झाले होते.

वाचनालयाचा ग्रंथमेळा दर माघात शाळेच्या पटांगणात भरे. यंदा शैलजा येणारच नव्हती. आठ महिन्यांच्या धाकटीला गर्दीत न्यायचं म्हणजे कुणाचं खोकणं, कुणाचा गालाला लागलेला हात, सगळ्याचाच तिला धसका. नवरा पलटणीत, लांब आसामकडं. पण सासू, राहीबाई, सकाळपासून मागंच लागल्या होत्या. अक्षर न येणाऱ्या बाईला पुस्तकांचा एवढा सोस कशाला, ते शैलजाला कळेना.

नाव पुन्हा पुकारलं गेलं. ओळखीच्या दोघींनी तिच्याकडं बघून माना खाली घातल्या. क्षणभर तिला वाटलं, पोरगी कुठंतरी वाचत बसली आहे, फक्त आपल्यालाच दिसत नाही.

ती तडक टेबलाशी गेली. ग्रंथपाल परगावचा, दसऱ्याला नवा लागलेला. काहीतरी चूक झाली आहे, एवढंच ती बोलू शकली. त्यानं रजिस्टर उघडून तिच्यापुढं फिरवलं. चूक कशी होईल, आजी दर बाजाराच्या दिवशी न चुकता येतात, असं तो हसून म्हणाला. भाद्रपदात मंदा गेली. त्यानंतरही दर आठवड्याला एक ओळ होती. मंदाचं नाव, पुस्तकाचं नाव, आणि शेजारी राहीबाईंचा अंगठा.

राहीबाई धाकटीला खांद्यावर टाकून कनातीबाहेर लिंबाखाली उभ्या होत्या.

"कुठं ठेवत होता पुस्तकं, आत्या?" शैलजानं सासूला विचारलं.

"शेरडांच्या खोपटात. फळीवर. तू तिकडं येत न्हाईस."

ते खरंच होतं. धाकटीच्या श्वासावर डोळा ठेवता ठेवता शैलजाला घरातलं दुसरं काही दिसतच नव्हतं. मंदाला घटसर्प झाला तेव्हा डॉक्टरांनी तिला अंगावरच्या पोरीला घेऊन वेगळ्या खोलीत राहायला लावलं होतं. चार दिवस तिनं भिंतीआडून मंदाचा खोकला ऐकला. पाचव्या दिवशी तो थांबला. मंदा शेवटी काय बोलली, हे तिनं कधी विचारलं नाही, आणि राहीबाईंनी सांगितलं नाही. तेव्हापासून एकेकाळची ही कॉलेजातली पुस्तकवेडी पुस्तकाला शिवली नव्हती.

आज मात्र तिनं विचारलं. राहीबाईंनी धाकटीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"आईवर रागावू नगं म्हून मी तिला सांगिटलंतं, तुज्या आईलाच बरं न्हाई, म्हून यीत न्हाई ती. तवा गप झाली. मग म्हणली, आजी, पुस्तक वाच. आता मी काय वाचू? नुसती पानं उलटली. तिला समजलं. म्हणली, ऱ्हाऊ दे. तू नुसती आणत जा. आई बरी झाली की वाचंल."

मंदा रुसून गेली असेल, असंच शैलजानं इतके दिवस धरलं होतं.

"मी आणत ऱ्हायले," राहीबाई म्हणाल्या. "म्हणलं, बघू, कवा बरी हुतीस."

एवढ्यात ग्रंथपाल बक्षिसाचं पुस्तक घेऊन बाहेर आला. मुलगी आली नाही का, त्यानं विचारलं. राहीबाईंनी सुनेकडं पाहिलं. खरं सांगायला शैलजानं तोंड उघडलं, पण हात आधी पुढं झाला.

"द्या. मी वाचून दाखवते तिला."

तो गेल्यावर ती लिंबाखालच्या पारावर बसली. चित्रांचं पुस्तक होतं, एका तळ्यातल्या कासवाचं. घसा दोनदा साफ करून तिनं वाचायला सुरुवात केली, सात वर्षांच्या पोरीला समजेल अशी, सावकाश. राहीबाई शेजारी टेकल्या. गोष्ट ऐकणाऱ्यानं द्यावा तसा वाक्यावाक्याला हुंकार देऊ लागल्या. धाकटी पदराशी खेळत राहिली.

पान संपलं. शैलजानं कोपरा बोटात धरला, पण उलटला नाही. चित्र डोळे भरून बघितल्याशिवाय मंदा कधी पान उलटू देत नसे.

राहीबाईही थांबल्या.

मग शैलजानं पान उलटलं.