लाखेखालचा बर्फ

खोक्यावरची लाख ओली असतानाच कुणाचा तरी अंगठा तिच्यावर टेकला असावा — शिक्क्याच्या कडेला पाऊण अंगठा उमटला होता, रेषांसकट — आणि त्या रेषांवरून तिची नजर हलेना. तिने खोका उचलून पाहिला. हलका. परवा प्रयोगशाळेतून निघताना दोन्ही हात लागले होते, आता एक पुरतोय... ड्राय आइसचं पाणी होत नाही, ओला डागही मागे राहत नाही. तो नुसता उडून जातो, आणि गेल्याचं फक्त हाताला कळतं.

“ठेवा खाली, मॅडम,” नमुने परदेशी पाठवायचा परवाना देणारा अधिकारी म्हणाला. “सीलबंद माल आहे.”

“साहेब, सील लागलं म्हणून तर आत बर्फ घालता येत नाहीये. मी आणलाय सोबत.” बाकाखाली तिची पिशवी धूर सोडत होती.

“मोठ्या साहेबांसमोरच सील फुटतं. ते मीटिंगमध्ये आहेत.”

“आणि तोवर कुपीतला विषाणू मेला तर?”

“म्हणून तर कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं. कुणी हात लावू नये.”

कुलूप! याला वाटतं, मरण चोरासारखं दारातून येतं. तिने त्याच्याकडे पाहिलं — पानाच्या देठासारखी मान, खिशाला दोन पेनं, आणि चेहऱ्यावर ती तुपट शांती... देवा, माणसाचा इतका राग येऊ देऊ नये म्हणतात, पण ही असली माणसं घडवताना तुझं लक्ष कुठे होतं?

“राष्ट्राची संपत्ती आहे ही,” तो म्हणाला.

राष्ट्राची संपत्ती. तिला हसू फुटायचं राहिलं. वन्संच्या नाकातला शेंबूड, साहेब! माझ्या नणंदेच्या. नाकात काडी घातली तेव्हा शिंकून बेजार झाल्या होत्या, आणि हा परदेशी जाणार म्हटल्यावर ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून म्हणाल्या होत्या — “वहिनी, मला कधी विमानात बसवलं नाहीस, आणि माझ्या शेंबडाला बसवतेस होय गं?” नर्ससुद्धा हसली होती. मग मास्क परत चढला तो शेवटचाच... लस घेतली होती वन्संनी. तिनेच मागे लागून लागून घ्यायला लावली होती — “तुझ्या हट्टापायी दंड दुखवून घेतला बघ” — आणि तरी ताप आला, कारण विषाणूने रूप पालटलं होतं आणि लसीला तो ओळखू येईना. पुढच्या हिवाळ्याची लस कुठल्या रूपावर बेतायची ते समुद्रापलीकडच्या त्या प्रयोगशाळेत याच आठवड्यात ठरणार. कुपी जिवंत पोचली तर ठरणार, नाहीतर पुन्हा जुनीच लस, पुन्हा कुणाच्या तरी वन्सं. दुसरी कुपी नाही. होतं ते तपासण्यांत संपलं. घरी रोज संध्याकाळी नवरा एवढंच विचारतो, “गेली का गं?” — ‘कुपी’ म्हणणंही त्याच्याने होत नाही.

“मागच्या साथीत आपण नमुने पाठवले,” अधिकारी एकाएकी म्हणाला, फायलीत बघतच. “लस त्यांनी केली. आपल्याला रांगेत शेवटी उभं केलं. माझी आई त्या रांगेत होती, मॅडम.”

खरं होतं ते. ते नमुने तिनेच भरले होते. हे खरं असायला नको होतं — निदान याच्या तोंडून तरी. माणूस खोटा असला की त्याच्यावरचा राग कसा मांडी घालून बसतो, ऐसपैस. आता त्याला जागा पुरेना, म्हणून तो आणखीच फणफणला.

त्याने उठून खोक्यावर तळवा ठेवला. ठेवूनच राहिला. “गार लागत नाही हो.”

“बर्फ उडाल्यावर नाहीच लागणार,” ती म्हणाली. खोटं होतं ते. इतक्या जाड थर्माकोलमधून बर्फ भरलेला असतानाही गार लागत नाही. पण त्याचा चेहरा उतरला, आणि तिला बरं वाटलं. उन्हाने शिणलेल्याला पाण्याने वाटावं तसं बरं.

मग खण उघडून त्याने पाकिटं फोडायचं पातं काढलं, खोक्याशेजारी ठेवलं, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, “मी जरा पाणी पिऊन येतो. ते सील तसंही कपाटात असतानाच तडकलं होतं म्हणे.”

दार लोटल्याचा आवाज. पंखा. पिशवीतून पांढरा धूर जमिनीसरसा सरपटत तिच्या चपलांपर्यंत आला.

ऊठ, तिने स्वतःला म्हटलं. वन्सं आहेत आत. ऊठ गं.

पण हात मांडीवरच. आत सगळं मेलेलं निघालं असतं तर — हा विचार कुठून आला कळलं नाही, पण तो आजचा नव्हता, सकाळपासून पायाशी मांजरासारखा घोटाळत होता — तर त्या माणसाला जन्मभर दाखवता आलं असतं, बघ, तू मारलंस. मी पिशवी घेऊन आले ती कुपी वाचवायला, की... आणि तोच मेला पातं ठेवून गेला! आता कुणाचं तोंड बघून चिडायचं?

लाखेवरचा तो अंगठा तिच्याकडे बघत होता. तिने आपला अंगठा त्यावर ठेवून पाहिला. नेमका बसला, जणू सील तिनेच लावलं होतं. खोका हलका होत होता, आणि ती, पातं हाताशी असून, वन्संच्या हसण्याची वाट बघत बसली होती — त्या हसल्या असत्या तर उठता आलं असतं.